ओव्हरीचा कॅन्सर सात वर्षांनी उलटला तर: दुसऱ्यांदा किमो घेताना काय काय करायचं

२०१६ ला माझं ऑपरेशन झालं, मग सहा किमो, आणि मग सात वर्षं सगळं नॉर्मल. दर चेकअपला सीए-१२५ (या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ताची टेस्ट) दहा-बाराच्या आसपास यायचं, मी तर फाईल माळ्यावर टाकून दिलेली. २०२३ च्या पावसाळ्यात पोट फुगल्यासारखं वाटायला लागलं, दोन घास खाल्ले की भरायचं, आणि मला आतून कळलंच होतं. सिटी स्कॅन झाला, कॅन्सर परत आलाय म्हणाले.

मी डॉक्टर नाही, खाली लिहितेय ते माझ्या दुसऱ्या किमोत शिकलेलं आहे आणि माझ्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेलं. तुमची औषधं वेगळी असतील तर तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. पण एक गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती, की "मला माहितीय किमो कशी असते" हा भरवसा दुसऱ्या वेळी अर्धाच खरा असतो. पहिल्या वेळचं खूप काही उपयोगी पडतं, आणि काही ठिकाणी तेच आपल्याला फसवतं.

आधी जुनी फाईल खाली काढा

खरंच, पहिलं काम हेच. त्यात हे शोधा: शेवटची किमो कोणत्या तारखेला झाली, औषधं कोणती होती, किती सायकल (किमोच्या फेऱ्या) झाल्या, ऑपरेशनमध्ये सगळी गाठ निघाली होती का, कुठल्या सायकलला काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) पडले होते, कुठल्या औषधाने त्रास झाला होता. एका पानावर लिहा आणि झेरॉक्स काढून ठेवा.

तारीख एवढी महत्त्वाची का, तर कार्बोप्लॅटिन हे प्लॅटिनमवालं औषध शेवटचं घेऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ गेलेला असेल तर तेच औषध परत लागू पडण्याची शक्यता चांगली असते आणि मधली गॅप जितकी मोठी तितकं चांगलं. म्हणजे तुमची ती शांत वर्षं वाया गेलेली नाहीत, ती आता उपचारात तुमच्या बाजूने मोजली जातात. मला हे कळलं त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवले.

मग डॉक्टरांपुढे बसताना प्रश्न लिहून न्या

परत आलेला हा आजार बऱ्याचदा मुळापासून जात नाही, दाबून ठेवता येतो, कधी कधी बरीच वर्षं. हे ऐकायला जड आहे पण मी स्पष्ट विचारलं आणि विचारलं तेच बरं केलं, कारण त्याशिवाय बाकीचे निर्णय घेता येत नाहीत. अजून विचारायचं: परत ऑपरेशन होऊ शकतं का (सगळ्यांना नाही, पण पहिल्या वेळी सगळं निघालं असेल, पोटात पाणी फार नसेल आणि तब्येत चांगली असेल तर काहींना फायदा होतो), किमोनंतर गोळ्या चालू राहणार का, आणि बीआरसीए टेस्ट झालीय का. २०१६ मध्ये माझी झालीच नव्हती. ही जनुकाची टेस्ट आता नक्की करा, कारण ओलापॅरिब, निरापॅरिब अशा गोळ्यांचा निर्णय त्यावर बराच अवलंबून असतो आणि शिवाय मुली, बहिणी, अगदी मुलांनासुद्धा ती माहिती लागते.

आणि नुसतं सीए-१२५ वाढलंय, स्कॅनमध्ये फार काही नाही, त्रास नाही, आणि डॉक्टर म्हणतायत थोडं थांबू, तर घाबरून दुसरीकडे पळू नका. २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की नुसत्या आकड्यावरून जवळपास पाच महिने आधी किमो सुरू केलेल्या बायका जास्त जगल्या असं झालं नाही, उलट किमोचा त्रास तेवढा लवकर सुरू झाला.

सुरू व्हायच्या आधीची कामं

दात दाखवून घ्या. किमो चालू असताना दात काढावा लागला तर फार अवघड होतं. रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात कारण कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीच्या कामावर ठरतो. मला यावेळी कार्बोप्लॅटिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन होतं, त्यामुळे हृदयाचा टूडी एको पण झाला. शिरा पहिल्या वेळीच कडक झालेल्या असतील तर पोर्टबद्दल (किमो द्यायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) विचारा. मी पहिल्या वेळी पोर्टला नाही म्हटलं होतं, यावेळी दुसऱ्या मिनिटाला हो म्हटलं, सुई शोधत हात सुजवून घ्यायची ताकद उरली नव्हती.

किमोच्या दिवशी: हाताला खाज आली तरी लगेच सांगा

या भागासाठीच खरं तर मी लिहायला बसले. कार्बोप्लॅटिनची अ‍ॅलर्जी पहिल्या सहा डोसला बहुतेक येत नाही, शरीर ते औषध ओळखायला शिकतं आणि मग पुढे, जास्त करून आयुष्यातल्या आठव्या डोसच्या आसपास, रिअ‍ॅक्शन देतं. म्हणजे पहिल्या वेळी सहा झाले असतील तर दुसऱ्या वेळची दुसरी सायकल. आणि नेमकं तेव्हाच आपण निर्धास्त असतो, की हे तर आपलं ओळखीचं औषध.

माझी दुसरी सायकल, सलाईन अर्धं गेलं होतं, तळहाताला खाज सुटली. मला वाटलं डास चावला असेल. मग चेहरा गरम झाला, पोटात कळ आली, तरी मी गप्प, सिस्टर बिझी होत्या ना. शेजारच्या बेडवरच्या मावशींनी माझा लाल चेहरा बघून आरडाओरडा केला तोपर्यंत श्वास लागायला लागला होता. सलाईन बंद केलं, इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला, तासाभराने ठीक झाले. त्यामुळे हात जोडून सांगते, तळहात-तळपायाला खाज, चेहरा लाल, पुरळ, पोटात किंवा पाठीत कळ, छातीत दाटणं, यातलं काहीही झालं तर बेल दाबा, कोणाला त्रास होईल याचा विचार करू नका. सोबतच्या माणसालाही हे सांगून ठेवा आणि त्याला मोबाईल घेऊन बाहेर बसू देऊ नका. रिअ‍ॅक्शन आली म्हणून औषध कायमचं बंदच होतं असंही नाही, अगदी हळूहळू, थोडा थोडा डोस वाढवत द्यायची पद्धत असते, मला पुढच्या सायकली तशाच दिल्या, फक्त अख्खा दिवस जायचा.

अजून एक, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं आणि एक-दोन दिवस लघवीला तांबूस रंग येतो, ते रक्त नसतं. कुठलीही किमो असो, पहिले दोन दिवस टॉयलेटमध्ये झाकण लावून दोनदा फ्लश करा आणि उलटी वगैरे साफ करणाऱ्याने ग्लोव्हज घालायचे.

ताप: १००.४

थर्मामीटर उशाशी. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त आला की हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत बघू असं करायचं नाही, गोळीने ताप उतरतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. थंडी वाजून हुडहुडी भरली आणि ताप नसला तरी फोन करा. जास्त भीती साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, तेव्हा पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, आणि दुसऱ्या वेळी बोनमॅरो (हाडांच्या आत रक्त बनतं ती जागा) आधीच दमलेली असते त्यामुळे काउंट परत वर यायला वेळ लागतो. सायकल आठवडाभर पुढे ढकलली तर रडू नका, माझी दोनदा ढकलली.

आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की रात्री गाडी कोणाची. हॉस्पिटल आमच्याकडून दीड तास. पर्समध्ये एक कागद: "किमो चालू आहे, शेवटची तारीख अमुक, ताप असल्यास आधी सीबीसी करावे", ऑन्कोच्या (कॅन्सरच्या डॉक्टरांच्या) नंबरसकट. जवळच्या दवाखान्यात जावं लागलं तर हा कागद फार कामाला येतो, नाहीतर व्हायरल म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतात. काउंटचं म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर ते फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि त्यानंतर कंबर-हाडं ठणकतात ते अपेक्षित आहे.

पोट

उलटीच्या गोळ्या उलटी यायची वाट न बघता लिहून दिलेल्या वेळेला घ्यायच्या. ऑनडॅनसेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं हे मी पहिल्या वेळी चौथ्या सायकलला शिकले, यावेळी पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून पोट साफ व्हायचं औषध लिहून घेतलं.

पण आपल्या आजारात एक फरक कळलाच पाहिजे. पोट टम्म फुगलंय, गॅसही सरकत नाही, कळा येतायत आणि उलट्या थांबत नाहीत, तर ते साधं बद्धकोष्ठ नसू शकतं, आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा घरी एरंडेल, जुलाबाची गोळी काही नको, सरळ हॉस्पिटल.

खाण्याचं म्हणाल तर पहिले चार दिवस मला मऊ भात-मेतकूट, मुगाचं कढण, नाचणीची आंबील एवढंच जायचं. तोंडाला धातूची चव यायची तेव्हा कोकम सार आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. तोंड आलं की तिखट-आंबट बंद, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. कच्ची कोशिंबीर, बाहेरचा उसाचा रस, पाणीपुरी नको. अंडं, डाळ, पनीर, मासे जे चालत असेल ते पोटात जाऊ द्या, साखर बंद केल्याने कॅन्सर उपाशी मरतो वगैरे ऐकून स्वतःला उपाशी ठेवू नका.

आणि काढे. प्रेमाने आणून देतात हो सगळे, मला तीन जणांनी गुळवेल आणली. पण कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्याच डॉक्टरांनी नोंदवल्यात, आणि किमोत लिव्हर बिघडलं तर किमोच थांबते. जे काही घेताय ते ऑन्कोला दाखवूनच.

हात आणि पाय

किमोत टॅक्सॉल हे औषध असेल तर बोटांना मुंग्या आणि बधिरपणा. पहिल्या वेळचा थोडा उरलेला असतोच, त्यात भर पडते, म्हणून ब्लाउजचे हूक लागत नाहीत, हातातून भांडं सुटतं हे आधीच सांगा, डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येतं. शेवटी सांगितलं तर उशीर झालेला असतो. अनवाणी चालू नका, देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर अजिबात नाही, चटका बसलेला कळत नाही.

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन असेल तर केस सहसा सगळे जात नाहीत पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. दाब, घासणं आणि उष्णता, तिन्ही टाळायचं. म्हणजे किमोनंतरचे पहिले काही दिवस तर भाकरी थापणं बंद, कपडे घासणं बंद, कडक पाण्याची आंघोळ बंद, घट्ट चपला बंद, आरतीत टाळ्यासुद्धा नाहीत. मला भाकरीचंच वाईट वाटलं. मग माझे मिस्टर शिकले, आधी नकाशे झाले, आता गोल होतात.

पैसा आणि प्रवास

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, आणि तुमचं नेमकं औषध त्यात बसतं का ते विचारा, महागड्या गोळ्यांचं तर आधी विचाराच. ट्रस्टच्या हॉस्पिटलांमध्ये दहा टक्के बेड निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, ते मागावं लागतं, आपणहून क्वचितच सांगतात. उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटला तिकीट माफ आणि सोबतच्याला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलचा ठराविक फॉर्म लागतो. परळला टाटाला जाणार असाल तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्हीकडे आधी चौकशी करून जा, गर्दी असते.

घरच्यांना आणि स्वतःला

पहिल्या वेळी सगळे धावून आले होते. दुसऱ्या वेळी लोक घाबरतात, किंवा म्हणतात, "तेव्हा जिंकलीस, आताही जिंकशील." मला ते टोचायचं, जणू परत आला म्हणजे मी काहीतरी कमी पडले. तसं काही नसतं, आपल्या कुठल्या खाण्याने किंवा टेन्शनने तो परत आलेला नाही. मी एका बहिणीला नेमलं, सगळे फोन ती घ्यायची. बाकीच्यांना नेमकं काम दिलं: मंगळवारचा डबा, रक्ताचे रिपोर्ट आणणं, नातवाला शाळेतून आणणं. काम दिलं की माणसं नीट वागतात.

किमोसोबत देतात त्या स्टिरॉइडमुळे पहिल्या दोन-तीन रात्री झोप लागत नाही, आणि त्या रात्री सगळं काळं दिसतं. त्या वेळी मोठे निर्णय नको. खूपच वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि पॅलिएटिव्हवाल्यांचं (त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांचं) नाव काढलं की शेवट आला असं समजू नका. दुखणं, पोटातलं पाणी, भूक, झोप यासाठी ते पहिल्या सायकलपासून भेटतात आणि मला सगळ्यात जास्त आराम त्यांच्याच ओपीडीने दिला.

शेवटच्या सायकलच्या दिवशी

उठून यायच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या: पुढचा स्कॅन कधी, सीए-१२५ किती महिन्यांनी, गोळ्या सुरू करायच्या तर कधीपासून, आणि पोर्ट काढायचा की ठेवायचा. ठेवला तर महिना-दीड महिन्याने तो फ्लश करावा लागतो. माझा अजून आहे. मी फ्लशला जाते तेव्हा ते एक पान घेऊन जाते, आता त्यात कार्बोप्लॅटिनच्या पुढे लाल पेनने "अ‍ॅलर्जी" लिहिलंय, आणि फाईल माळ्यावर न ठेवता कपाटात साड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवलीय.