उंचावलेल्या जुन्या लहान कारला मोठे टायर बसवताना

गाडी लिफ्ट केली की मोठ्या टायरसाठी आपोआप जागा होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) वरच्या टोकाशी स्पेसर (जाड चकती) घालून गाडी उंचावली असेल, तर संपूर्ण स्ट्रट बॉडीपासून खाली सरकतो आणि स्प्रिंग पूर्ण दबली तरी चाक पूर्वीइतके वर जात नाही. म्हणजे मिळालेली जागा खरोखरच हाती राहते. याउलट उंच किंवा कडक स्प्रिंग घालून गाडी उंचावली असेल, तर उभ्या गाडीत चाकावर दिसणारी मोकळी जागा मोठ्या खड्ड्यात संपून जाते, कारण चाक वर जाण्याची मर्यादा मूळ गाडीइतकीच राहिलेली असते. म्हणून टायर निवडण्याआधी आपली गाडी नेमकी कशाने उंचावली आहे, हे खाली वाकून पाहावे.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (जिथे हा खांबच चाकाला धरून ठेवतो अशा) गाडीत आणखी एक अडचण असते. तिथे स्प्रिंगची खालची बैठक टायरच्या अगदी जवळ असते आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) त्याच स्ट्रटला बोल्टने जोडलेला असल्यामुळे हे अंतर लिफ्ट कितीही केली तरी तसूभरही वाढत नाही. बहुतेक लहान गाड्यांत टायरचा खरा आकार इथेच ठरतो, मडगार्डपाशी नव्हे. जुने चाक जागेवर असताना टायरचा माथा आणि ही बैठक, तसेच टायरची आतली बाजू आणि स्ट्रटची नळी, ही दोन्ही अंतरे मोजून लिहून ठेवावीत.

आता आकडे पाहू. 175/70 आर 13 (रुंदी 175 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 13 इंच) या टायरचा व्यास सुमारे 575 मिलिमीटर असतो, तर 185/70 आर 14 चा सुमारे 615. व्यासातील या 40 मिलिमीटरच्या फरकापैकी निम्मा, म्हणजे 20 मिलिमीटर, गाडीच्या पोटाखाली मिळतो. परंतु तेवढेच 20 मिलिमीटर टायर वरच्या बाजूला, पुढच्या बंपरकडे आणि दाराखालच्या पट्टीकडेही वाढतो. रुंदीतील 10 मिलिमीटरची वाढ आत आणि बाहेर निम्मी-निम्मी विभागली जाते. रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर) कमी घेतल्यास चाक तेवढेच मिलिमीटर बाहेर येते आणि स्ट्रटला लागत नाही, पण मग वळताना ते मडगार्डच्या कडेला लागू शकते, स्टिअरिंग जड होते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. रिमची बोल्टची मांडणी, मधले भोक, नटाच्या बैठकीचा आकार आणि टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) मूळ गाडीला जुळलेच पाहिजेत. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कधीही कमी नसावा. याखेरीज असे बदल करण्याबाबत वाहननियम आणि विम्याच्या अटी काय सांगतात, हे खरेदीपूर्वीच तपासावे.

चारही टायर विकत घेण्याआधी एकच चाक उसने मिळवून चाचणी करावी, असा माझा आग्रह आहे, कारण कागदावरचे गणित स्टिअरिंग वळवल्यावर कुठे काय लागेल ते सांगू शकत नाही. गाडी सपाट व कठीण जमिनीवर घेऊन मागच्या चाकांना अडण्या लावाव्यात, बॉडी भक्कम स्टँडवर टेकवावी आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. स्ट्रटमधील स्प्रिंग कॉम्प्रेसरने काढून, स्प्रिंगविना स्ट्रट परत बसवून, खालच्या आर्मखाली (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली) जॅक लावून चाक बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) हळूहळू उचलावे. स्प्रिंग काढण्याची सवय नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्यावे, कारण दाबलेली स्प्रिंग सुटल्यास जीवघेणी इजा होऊ शकते. चाक वर असताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे आणि आतल्या प्लास्टिकचे आवरण, काच धुण्याच्या पाण्याची टाकी, वायरिंग व ब्रेकचा होज यांपासून किमान बोटभर अंतर राहते का, ते टॉर्चच्या प्रकाशात पाहावे. नंतर चाक पूर्ण खाली सोडून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हेही बघावे.

प्लास्टिकचे आवरण घासत असेल तर ते हॉट गनने गरम करून मागे दाबता येते. मडगार्डच्या आत वळवलेली पत्र्याची कड घासत असेल तर ती हळूहळू ठोकून सपाट करावी. ती कापणे हा शेवटचा उपाय मानावा, कारण तिथे दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात; कापल्यास ते पुन्हा वेल्ड करून प्रायमर आणि सीलर लावणे अटळ ठरते, अन्यथा जुन्या गाडीत तिथूनच गंज धरतो. मागच्या बाजूला कापण्यापूर्वी पेट्रोल भरण्याची नळी कुठून जाते, ते आवर्जून शोधावे. एवढे करूनही चाक शेवटच्या टप्प्यात लागत असेल, तर अधिक लांब बंप स्टॉप बसवणे हा पत्रा कापत राहण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा मार्ग आहे.

जुन्या गाडीत बॉल जॉइंट, टाय रॉडची (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची) टोके आणि बेअरिंग यांची झीज आधी तपासावी. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा खेळ कळतो, तर डावी-उजवी बाजू धरून हलवल्यास टाय रॉडचा. मोठे, जड चाक हा खेळ झपाट्याने वाढवते. वरील उदाहरणात व्यास सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे मूळ स्पीडोमीटर अचूक असल्यास तो 80 दाखवत असताना गाडी 85 च्या पुढे धावत असते, गिअर लांब झाल्यासारखे वाटतात, चढावर क्लचवर ताण येतो आणि ब्रेकलाही जास्त जोर लावावा लागतो. इंजिन मुळातच कमी ताकदीचे असेल, तर एवढ्यावरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतिम जोडणीत नट एकाआड एक, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधील मापानेच आवळावेत आणि सुमारे 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. लिफ्टमुळे टो (चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) बदललेला असतो, म्हणून व्हील अलाइनमेंट न करता नवे टायर रस्त्यावर झिजवू नयेत. शेवटी, गाडीत माणसे व सामान भरून थोडे फिरून झाल्यावर, आतल्या आवरणावर आणि टायरच्या खांद्यावर घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात का, ते चारही चाकांपाशी पाहावे.