राजपत्रातल्या मसुद्यावर म्हणणं कसं मांडायचं: फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी

25 सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिनाची रॅली निघते, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय फार्मसी सप्ताह होतो. पोस्टर, पथनाट्य, रक्तदाब तपासणी, सगळं रीतसर पार पडतं. त्यात वावगं काही नाही. पण कोणतं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं, काउंटरमागे कोण उभं असायला हवं, डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या पदविकेला, किती तासांचं प्रशिक्षण, हे ठरतं राजपत्रात. औषधविषयक नियम बदलण्याआधी सरकारला मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम 1940 च्या कलम 33 मध्येच ते लिहिलंय. त्या मुदतीत विद्यार्थ्याचं पत्रही दप्तरी लागतं. नंतर कितीही ओरडलं तरी ते नुसतं निवेदन राहतं.

आधी दार नीट ओळखा

सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती चुकीच्या कार्यालयात अर्ज दिल्याने. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्य सूचीत आहेत, औषधं आणि विषं समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांचा विषय), व्यवसायही समवर्ती सूचीत. त्यामुळे एकाच गोळीचा प्रश्न चार कार्यालयांत विभागलेला असतो.

औषधाचा परवाना, अनुसूची एच, एच1, एक्स (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या याद्या), चिठ्ठीची अट हे विषय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे. किंमत मात्र तिथे नाही. ती रसायने व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाकडे आणि त्याखालच्या एनपीपीएकडे, म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाकडे. औषध किंमत नियंत्रण आदेश 2013 प्रमाणे किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन 16 टक्के धरतात. त्याबद्दल आरोग्य मंत्रालयाला लिहून काहीच साधत नाही. अभ्यासक्रम आणि प्रशिक्षणाचे नियम फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया करतं, नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल करतं, डी.फार्म.ची परीक्षा एमएसबीटीई म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. 500 तासांच्या प्रशिक्षणाचे नियम बदलायचे असतील तर राज्य कौन्सिलला पत्र देऊन उपयोग नाही.

राज्यात दुकानांची तपासणी अन्न व औषध प्रशासन (एफडीए) करतं, त्याचं मंत्रालयातलं खातं वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याचं रिक्त पद हा सार्वजनिक आरोग्य विभागाचा आणि जिल्हा परिषदेचा विषय. ते निवेदन एफडीएत दिलंत तर ‘पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा घेऊन ते फिरत राहतं.

मसुदा शोधणं आणि वाचणं

केंद्राचे औषध नियम भारताच्या राजपत्रात, असाधारण अंकात, भाग 2, खंड 3, उपखंड (i) मध्ये येतात आणि त्यांना जी.एस.आर. क्रमांक असतो. ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि भाग निवडून आठवड्यातून एकदा पाहायचं; गटातल्या एकावर ही पाळी द्या. डीटीएबी म्हणजे औषध तांत्रिक सल्लागार मंडळाची इतिवृत्तं सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर असतात. ती वाचणाऱ्याला मसुदा येण्याआधीच वास लागतो.

मुदत मोजताना चूक होते. मसुद्यावरच्या तारखेपासून नव्हे, तर राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या दिवसापासून ती मोजतात, आणि सहसा ती 30 किंवा 45 दिवसांची असते. पत्र कुठे पाठवायचं तेही मसुद्याच्या सुरुवातीलाच दिलेलं असतं. ई-फार्मसीचा, म्हणजे ऑनलाइन औषधविक्रीचा, जी.एस.आर. 817(E) हा मसुदा 28 ऑगस्ट 2018 चा. त्यावर गावागावांत बंद आणि मोर्चे झाले, पण मसुदा मुळातून वाचलेले किती जण होते ते विचारू नका.

नियम आणि विधेयक यांत गल्लत नको. फार्मसी अधिनियम 1948 च्या जागी येऊ घातलेल्या राष्ट्रीय फार्मसी आयोग विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर 2023 मध्ये मंत्रालयाने सूचनांसाठी खुला केला होता. तो विधेयकपूर्व सल्लामसलतीचा भाग. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार अशा मसुद्याला किमान 30 दिवस द्यायचे असतात. विधेयक संसदेत मांडल्यावर ते स्थायी समितीकडे गेलं, तर समितीही निवेदनं मागवते. म्हणजे विधेयकाला दोनदा बोलता येतं, नियमाला एकदाच.

हरकत कशी लिहायची

चार रकान्यांचा तक्ता करा: नियमाचा किंवा तरतुदीचा क्रमांक, मसुद्यातला मजकूर जसाच्या तसा, तुमचा पर्यायी मजकूर, कारण. तिसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांची हरकत वाचून बाजूला पडते. ‘याचा फेरविचार व्हावा’ हा पर्यायी मजकूर नव्हे. फाइल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला तुमचं वाक्य उचलून टिपणीत चिकटवता आलं पाहिजे.

सरावासाठी जुना मसुदा घ्या. मे 2022 मध्ये 16 औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मुभा देणारा मसुदा आला होता. त्यात पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, पोव्हिडोन आयोडीन, डायक्लोफेनॅकचं मलम अशी औषधं होती आणि पाच दिवसांपेक्षा जास्त वापर नको अशी अट होती. आता फार्मसीच्या विद्यार्थ्याने इथे काय पाहायचं? पाच दिवसांचा डोस म्हणजे गोळ्या किती? दिवसाला तीन धरल्या तर 15 होतात. प्रौढाची दिवसाची कमाल 4 ग्रॅम धरली तर दिवसाला 8, म्हणजे पाच दिवसांच्या 40. एकाच अटीचे दोन अर्थ आणि त्यांच्यात 25 गोळ्यांचा फरक. दुकानदार सोयीचा अर्थ घेणार, औषध निरीक्षक दुसरा.

या ओळीत पर्यायी मजकूर असा लिहाल: ‘एका ग्राहकास एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या 15 पेक्षा जास्त गोळ्या देऊ नयेत.’ कारणाच्या रकान्यात तीन वाक्यं पुरतात. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने यकृताला इजा होते. सर्दीच्या बऱ्याच संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे रुग्ण नकळत दुप्पट घेतो. ब्रिटनमध्ये 1998 पासून पॅकच्या आकारावर मर्यादा आहे, फार्मसीत 32 आणि इतर दुकानांत 16 गोळ्या. एवढंच. ‘फार्मासिस्ट हा आरोग्यव्यवस्थेचा कणा आहे’ हे वाक्य खोडा; कणा असल्याचं सिद्ध करायला तोच तक्ता पुरेसा आहे.

एका पत्रात तीन ते पाच ओळी पुरे. केंद्राकडे इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवा, राज्याकडे मराठीत. एकच मजकूर सगळ्या वर्गाने कॉपी करून पाठवू नका. पन्नास ई-मेल आले तरी मुद्दा एकच धरला जातो. त्यापेक्षा पाच गट करा आणि प्रत्येकाने वेगळी तरतूद घ्यावी. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पाठवायचं असेल तर प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर स्वतःच्या नावाने पाठवा. नागरिक म्हणून तो हक्क आहेच.

पुरावा कुठून आणायचा? प्रशिक्षणासाठी दुकानात बसता तेव्हा एक साधा तक्ता भरा: तारीख, वेळ, औषध, मात्रा, संख्या, चिठ्ठी होती का, होती तर किती जुनी. किमान दोन आठवडे, आणि सकाळ, दुपार, रात्र तिन्ही वेळा. रात्री आठनंतरची गिऱ्हाइकी वेगळी असते आणि फक्त दुपारी मोजलं तर आकडे फसवे निघतात. दुकानमालकाला सांगून करा. महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या. रुग्णाचं नाव कुठेही उतरवू नका. एच1 च्या नोंदवहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या असते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. ती दुकानाची कायदेशीर नोंद आहे, तिचे मोबाइलवर फोटो काढणं म्हणजे आपणच नियम मोडणं. गुपचूप गिऱ्हाईक बनून अँटिबायोटिक मागायचं आणि व्हिडिओ टाकायचा, हाही प्रकार टाळा. व्हिडिओ दोन दिवस फिरतो, मग कुठलाच मेडिकलवाला तुमच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी प्रशिक्षणाला घेत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. केमिस्ट संघटना ही दुकानदारांची आहे. मेडिकलचा मालक फार्मासिस्ट असलाच पाहिजे असं नाही. औषध नियमांतल्या नियम 65(2) ला हवं असतं ते नोंदणीकृत फार्मासिस्टचं प्रत्यक्ष देखरेखीचं काम. मार्जिनवर मालक आणि नोकरीवरचा फार्मासिस्ट एका बाजूला असतीलही. पगार, कामाचे तास आणि ‘सर्टिफिकेट लावून ठेवणं’ (फार्मासिस्ट हजर नसताना त्याचं प्रमाणपत्र दुकानात टांगणं) या विषयांवर नसतात. संघटनेचं तयार पत्र सही करून पुढे ढकलण्याआधी ते कोणाचं म्हणणं आहे ते बघा. व्यवसायाच्या बाजूने बोलायचं तर इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचा विद्यार्थी मंच आहे. डीटीएबीवर असोसिएशनने निवडलेला एक सदस्य असतो आणि फार्मसी कौन्सिलने निवडलेला फार्मसीचा एक शिक्षकही. तक्त्याची प्रत या दोघांना जाऊ द्या.

अंतिम अधिसूचना निघाली की तिची प्रस्तावना वाचा. आलेल्या हरकतींचा विचार केल्याचं वाक्य तिथे असतं. विचार काय केला ते पाहायचं असेल तर माहितीच्या अधिकारात हरकतींच्या गोषवाऱ्याची आणि फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा.

जिल्ह्यातला प्रश्न: अर्ज, निवेदन, विधानसभा

फार्मासिस्ट नसलेल्या मेडिकलचा विषय घेऊ. सुरुवात आकड्यांपासून. एफडीएच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज करा. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, किंवा राज्याच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. अर्जदार व्यक्ती हवी. ‘विद्यार्थी मंच’ या नावाने केलेला अर्ज परत येऊ शकतो.

‘कारवाई का होत नाही?’ असं विचारू नका. ‘का’ ही माहिती नव्हे, आणि उत्तरही तसंच येईल. असं मागा: ‘1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या कालावधीत जिल्ह्यातील किरकोळ औषध विक्री परवान्यांच्या तपासण्यांचे मासिक अहवाल, नियम 65(2) च्या उल्लंघनाबद्दल दिलेल्या कारणे दाखवा नोटिसांची संख्या, नियम 66 खाली निलंबित व रद्द केलेल्या परवान्यांची संख्या, औषध निरीक्षकांची मंजूर व भरलेली पदे.’ मासिक अहवालाच्या प्रती मुद्दाम मागायच्या, कारण ‘माहिती या स्वरूपात संकलित नाही’ हे उत्तर त्यामुळे देता येत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

आकडे आले की एक पानी निवेदन. विषय, दोन आकडे, एकच मागणी, खाली नावं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेलं निवेदन दिलं न दिलं सारखंच. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या लोकशाही दिनात हा विषय नेऊ नका, तिथे वैयक्तिक तक्रारीच घेतात.

मग आमदार. अधिवेशन चालू असताना गाठू नका. प्रश्नाच्या नोटिशीची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला असेल तर दिवाळीच्या आसपास मतदारसंघातल्या कार्यालयात जा, आणि स्वीय सहायकाशी नीट बोला, कागद तेच हलवतात. कागदावर प्रश्नच तयार करून द्या, विधानमंडळाच्या साच्यात:

‘(1) … जिल्ह्यात सन 2024-25 मध्ये नोंदणीकृत फार्मासिस्टच्या अनुपस्थितीत औषध विक्री होत असल्याचे तपासणीत निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (2) असल्यास, याप्रकरणी किती परवानाधारकांविरुद्ध कारवाई करण्यात आली, (3) औषध निरीक्षकांची रिक्त पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

सोबत आरटीआयच्या उत्तराची प्रत जोडा. तारांकित म्हणून लागला तर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. दोन्ही चालेल, लेखी उत्तर हा पुढच्या निवेदनाचा पुरावा असतो.

नोंदणी झाल्यावर

शिकत असताना राज्य फार्मसी कौन्सिलच्या निवडणुकीत मत नसतं. नोंदणीकृत फार्मासिस्ट आपल्यातून सहा सदस्य निवडतात, पाच सरकार नेमतं, एक वैद्यकीय परिषदेकडून येतो, बाकी पदसिद्ध. मुदत पाच वर्षं. नोकरीसाठी गाव सोडलं की कौन्सिलकडचा पत्ता बदलायचा राहून जातो, तो बदला. आणि बी.फार्म. होऊन तीन वर्षं झाली की पदवीधर मतदारसंघासाठी नमुना 18 भरा. विधान परिषदेच्या या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, 1 नोव्हेंबर हा अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता मोजायची तारीख, धरून. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नाही. विधानसभेच्या मतदार यादीत नाव असलं तरी ते इथे आपोआप येत नाही.