अपघाताच्या वहीत ‘निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी: कामगार विम्यातल्या या चुका टाळा

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये (पॉवर प्रेसवर पत्रा दाबून-कापून भाग काढणारा कारखाना) मागे अपघाताची वही चाळायला मिळाली. चौदा महिन्यांत पाच नोंदी. ‘कारण’ या रकान्यात पाचही ठिकाणी एकच शब्द, निष्काळजीपणा. मी नुसत्या तारखा, वेळा आणि मशीनचे नंबर एका कागदावर उतरवून काढले. पाचांपैकी तीन बोटं एकाच ३० टनी प्रेसवर गेलेली, आणि तिन्ही रात्रपाळी संपायच्या शेवटच्या दोन तासांत. मशीनपाशी गेलो तर दोन हातांनी दाबायच्या (म्हणजे दोन्ही हात प्रेसबाहेर राहावेत) बटणांपैकी डावं बटण काळ्या इन्सुलेशन टेपने दाबून चिकटवलेलं. टेपवर इतकी ग्रीस बसली होती की ती काही कालपरवाची नव्हती.

वही भरणाऱ्या क्लार्कची त्यात चूक नव्हती. त्याला सांगितलं होतं, ‘ईएसआयला (कर्मचारी राज्य विमा, कामगारांचा सरकारी विमा) लागतं म्हणून भरून ठेव.’ त्याने भरून ठेवलं. वाचलं कुणीच नाही.

कामावरच्या इजेचा विमा म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो अपघातानंतरचा कागद: दाखला, वर्गणी भरल्याचं चलन, मेडिकल बोर्डाची तारीख. त्याच कागदात पुढचा अपघात कुठे होणार हे बऱ्याचदा लिहिलेलं असतं. पंधरा-सोळा वर्षं लहान कारखान्यांची ही कामं करताना ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या इथे लिहितोय.

‘आम्ही हप्ता भरतो, पुढचं ईएसआय बघेल’

ही सगळ्यात मुळाशी असलेली चूक, आणि ती करायला व्यवस्थाच थोडी उत्तेजन देते. १ जुलै २०१९ पासून ईएसआयची वर्गणी मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के. शर्ट शिवणारं युनिट असो की पॉवर प्रेसची रांग, दर तोच. वर्षभरात एकही बोट गेलं नाही तरी तोच, सहा गेली तरी तोच. म्हणजे अपघात कमी केल्याचं बक्षीस चलनावर कधीच दिसत नाही.

जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला तेव्हापासून तिथली विमा मंडळं उद्योगवार बांधलेली आहेत. वर्गणी फक्त मालकाची, ती धंद्याच्या धोक्याप्रमाणे कमी-जास्त, आणि त्याच मंडळाचे तपासनीस कारखान्यात येऊन गार्ड नसलेलं मशीन बंद करायला लावू शकतात. भरपाई देणारा आणि अपघात रोखणारा एकच, त्यामुळे तुटलेल्या बोटाचा खर्च त्याला आधीच दिसतो. आपल्याकडे पैसे ईएसआय महामंडळ देतं आणि मशीनची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं. दोन्ही कार्यालयांचे कागद आपल्याच टेबलावर तयार होतात, पण तेही एकमेकांना लावून कुणी बघत नाही. ते काम कारखान्यातल्या माणसालाच करावं लागतं.

माणूस आधी, नंबर नंतर

‘दोन महिने टिकतो का बघू, मग नाव चढवू.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता हसूही येत नाही. नवीन माणूस कामावर घेतला की दहा दिवसांत त्याची नोंदणी व्हायला हवी. प्रत्यक्षात पहिल्या दिवशीच करा, कारण कामावरच्या इजेच्या लाभाला किमान वर्गणीची अट नाही. पहिल्या दिवशी, पहिल्या तासात बोट गेलं तरी हक्क लागू होतो. आणि बोट जातं ते नवख्याचंच. त्याला डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) माहीत नसते, प्रेसचा ठेका माहीत नसतो.

अपघात सकाळी ९ ला आणि नोंदणी दुपारी १२ ला झाली की ते ईएसआयच्या पोर्टलवर उघड दिसतं. मग चौकशी, हजेरीपत्रक, पगारपत्रक, सगळं मागितलं जातं. उत्तरेत मानेसर-फरीदाबादच्या वाहन उद्योगाच्या पट्ट्यात जखमी कामगारांसोबत काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्थाही वर्षानुवर्षं हेच सांगत आलीय की अनेकांच्या हातात ईएसआयचं ई-पहचान कार्ड पडतं ते अपघात झाल्यावर. वर्गणी चुकवली असेल तर महामंडळाने दिलेला लाभ मालकाकडून वसूल होऊ शकतो, हा धाक वेगळाच.

ठेकेदाराच्या माणसांबाबत तर हे हमखास घडतं. ‘तो आपला नाही’ हे उत्तर कायद्यात चालत नाही, भरपाईची जबाबदारी मूळ मालकापर्यंत येते. दर महिन्याला ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्याच्या चलनातली नावं आणि गेटवरच्या हजेरीतली नावं जुळवून बघा. अर्धा तास लागतो.

‘घरी पडला’ असं लिहिणं

हे सगळ्यात महागात पडतं, आणि कामगाराला कळतंही उशिरा. सुपरवायझर म्हणतो, केस नको करूस, साहेब बघतील. खाजगी दवाखान्यात टाके घातले जातात. पुढे ईएसआयच्या दवाखान्यात गेल्यावर साधं आजारपण म्हणून कागद होतो.

हिशेब करून बघा. रोजची सरासरी मजुरी ५०० रुपये धरा. आजारपणाच्या लाभात ७० टक्के मिळतात, म्हणजे ३५० रुपये, तेही वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर ९० टक्के, म्हणजे ४५० रुपये, आणि बरं होईपर्यंत. तर्जनी मुळापासून गेली असेल तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची हानी १४ टक्के धरली आहे. ४५० चे १४ टक्के म्हणजे रोजचे ६३ रुपये. महिन्याला साधारण १,८९० रुपये, आणि ते जन्मभर. वयाच्या पंचविशीत बोट गेलेल्या पोराचं एका ‘घरी पडला’ने किती जातं ते तुम्हीच गुणून बघा.

मालकाचं काय जातं? ज्या मशीनवर इजा झाली त्या मशीनचं नावच नोंदीतून पुसलं जातं. मेंटेनन्सला निरोप जात नाही, प्रेस सकाळी पुन्हा चालू.

कामगार मंडळींनो, मालकाने अपघाताचा अहवाल भरला नाही तर थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी कळवता येतं. दवाखान्यात पहिल्या दिवशी डॉक्टरांना ‘प्रेसवर काम करताना’ हे शब्द सांगा आणि केसपेपरवर ते लिहिलेत ना, हे वाचून घ्या. काही कारखान्यांत स्टॅम्पपेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून घेतात. भरपाईचा हक्क असा करार करून सोडता येत नाही, तो कागद निरर्थक आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर घरच्यांच्या हातात परस्पर रोख रक्कम ठेवून भरपाई फिटत नाही, पैसे भरपाईचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावे लागतात.

कारणाच्या रकान्यात माणसाचा स्वभाव

आता पुन्हा त्या टेप लावलेल्या बटणाकडे. ‘निष्काळजीपणा’ लिहून काय साधतं? दाव्याच्या दृष्टीने जवळपास काही नाही. कामगाराने नियम मोडला असला तरी तो मालकाच्या कामासाठीच ते करत होता, तर ईएसआयमध्ये ती कामावरचीच इजा धरली जाते. अपघात रोखण्याच्या दृष्टीने तर हा शब्द नुकसानच करतो, कारण तो लिहिला की पुढचा प्रश्न संपतो.

टेप का लावली? तासाला ठरलेले नग दोन हातांनी निघत नव्हते म्हणून. कुणी लावली? तिन्ही पाळ्यांत सगळे वापरत होते, सुपरवायझरलाही ठाऊक होतं. मग उपाय माणसाला समज देण्यात नाही. प्रत्येक स्ट्रोकनंतर (प्रेसची एक खाली-वर फेरी) दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचा स्ट्रोक बसणारच नाही, असा कंट्रोल रिले मिळतो. तो बसवला की टेप लावून उपयोगच राहत नाही. आणि नगांचा आकडा पुन्हा मोजायचा.

इथे एक चूक खास सांगायला हवी, कारण तिच्यावर पैसे खर्च करूनही बोटं जातात. जुन्या चावीच्या क्लचच्या प्रेसला लोक सेन्सरचा पडदा (मध्ये हात आला की मशीन थांबवणारे प्रकाशकिरण) लावतात. या प्रेसचा क्लच एकदा लागला की स्ट्रोक पूर्ण होऊनच थांबतो, मध्ये थांबवायची सोयच नसते. सेन्सरने हात बघितला तरी रॅम (प्रेसचा वरून आदळणारा भाग) खाली येणारच. अशा प्रेसला डायभोवती पक्का गार्ड हवा, किंवा गेट बंद झाल्याशिवाय स्ट्रोक बसू न देणारी व्यवस्था. जॉब (पत्र्याचा तुकडा) आत ठेवायला चिमटा. सेन्सर हवाच असेल तर हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच असलेली प्रेस घ्यावी लागते. आणि प्रेस ‘डबल मारते’ (एकदा बटण दाबून दोन स्ट्रोक) अशी तक्रार आली की त्या क्षणी बंद. पाळी संपेपर्यंत चालवू, हे वाक्य बोलायचं नाही.

वहीत रकाना वाढवा: कुठलं मशीन, कुठली डाय, पाळीचा कितवा तास, गार्ड होता का, त्या जागी याआधी काय झालं होतं. रक्त न आलेले प्रसंगही लिहा. हातमोजा अडकून फाटला, बोट वाचलं, तर तीही नोंदच.

पॉलिसीत पगार कमी दाखवणं

महिना २१,००० रुपयांच्या वर पगार असलेले सेटर (मशीनवर डाय बसवणारे), फिटर ईएसआयच्या बाहेर असतात. त्यांच्यासाठी भरपाईची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, कारण १९२३ च्या कायद्यापासून ही जबाबदारी मालकाचीच आहे. हप्ता वाचवायला फक्त बेसिक दाखवतात, ‘हेल्पर’ म्हणून नोंद करतात. तीस वर्षांच्या सेटरची तर्जनी मुळापासून गेली तर कायद्याप्रमाणे १५,००० च्या कमाल पगारावर ६० टक्के, वयाचा गुणांक २०७.९८ आणि त्याचे १४ टक्के, असे सुमारे २ लाख ६२ हजार होतात. पॉलिसीत ९,००० दाखवले असतील तर तोच हिशेब १ लाख ५७ हजारांवर येतो. मधल्या लाखभराचा वाद विमा कंपनी घालणार आणि द्यायचे मालकालाच. महिनाभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर दंड ५० टक्क्यांपर्यंत. ग्रुप मेडिक्लेम आहे म्हणून ही पॉलिसी नको, असं समजणारेही भेटतात. मेडिक्लेम बिल भरतो, गेलेल्या बोटाच्या कमाईचं त्यात काही नसतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून ईएसआयचा आणि भरपाईचा असे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत. तिथे पगाराची व्याख्या बदलली आहे, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारातच धरायचा. तेव्हा बेसिकची ती जुनी युक्ती तशीही चालणार नाही. नूतनीकरणाआधी पगारपत्रक काढून बसा.

आजार म्हणजे अपघात नव्हे, असं समजणं

बोट जातं ते दिसतं. फुप्फुस आणि कान हळूहळू जातात, त्यामुळे वहीत त्यांची एकही ओळ सापडत नाही.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायला) बसणाऱ्याच्या छातीत वाळूची बारीक धूळ जाते. काही वर्षांनी दम लागतो, माणूस गावी जातो, तिथे टीबीची औषधं सुरू होतात. सिलिकोसिस (याच धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) आणि टीबी एकमेकांच्या आड लपतात, आणि ‘तुम्ही काम काय करत होता?’ हा प्रश्न दवाखान्यात क्वचित विचारला जातो. सिलिकोसिस बरा होत नाही, पण व्यवसायजन्य आजारांच्या यादीत तो आहे आणि त्याचे लाभ कामावरच्या इजेसारखेच आहेत.

कानाचं तर आणखी सोपं आहे, कारण ते आधी कळतं. गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) पहिल्यांदा ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दाखवते, माणसाला बोलणं ऐकू येत असतानाच. दरवर्षी तपासणी होते, रिपोर्ट फाइलला लागतात. एका विभागातल्या चार जणांच्या आलेखावर तोच खड्डा दिसत असेल तर इअरप्लग वाटण्याआधी त्या मशीनचा आवाज मोजायला हवा. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे. शिवाय कामावर घेतानाच पहिली ऑडिओमेट्री करून ठेवा. ती नसेल तर कान इथे गेला की आधीच्या कारखान्यात, हे ना कामगाराला दाखवता येतं ना मालकाला.

त्या भोसरीच्या शॉपमध्ये रिले बसवायला शेवटी एक दुपार लागली. टेप काढताना बटणाची स्प्रिंगच दबून गेलेली निघाली, ती बदलावी लागली. क्लार्कने त्या दिवशी वहीत मशीनचा नंबर लिहिला आणि पुढे विचारलं, ‘सर, आता कारणात काय टाकू?’