कापसानंतर कोणता तंतू? हातकताईतील मौल्यवान तंतूंची निवड

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात कताई म्हणजे कापसाची कताई, आणि मीही बरीच वर्षे पेटी चरख्यावर पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या गुंडाळीतून, सूत काढण्यापलीकडे काही केले नव्हते. पुढे रेशीम आणि पश्मिना कातावे असे वाटू लागले, तेव्हा माझे सगळे लक्ष मऊपणाकडे आणि किमतीकडे होते. आज नव्याने या वाटेवर येणाऱ्या मुलींना मी पहिली गोष्ट सांगते ती अशी की, तंतू गालाला लावून पाहण्याआधी त्यातील चार तंतू सुटे करून पट्टीवर ठेवावेत आणि त्यांची लांबी पाहावी.

आपल्याकडच्या नेहमीच्या कापसाचा तंतू साधारण 25 ते 30 मिलिमीटर असतो, देशी वाणांचा त्याहून आखूड. त्यामुळे एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने पेळू मागे ओढायचा आणि पीळ आपोआप तारेत चढू द्यायचा, ही सवय आपल्या बोटांना लागलेली असते. लडाखच्या चांगथांगी शेळीची विंचरून काढलेली लव, म्हणजे पश्मिना, केवळ 12 ते 16 मायक्रॉन जाडीची असते आणि स्वच्छ केल्यावर तिची लांबी बहुधा तीन-चार सेंटिमीटरच भरते. म्हणून जिची सर्वांत धास्ती वाटत होती ती पश्मिना माझ्या हाताला तुती रेशमापेक्षा लवकर वळली. रेशमाचे विंचरलेले तंतू सहज दहा सेंटिमीटरहून लांब असतात. मी कापसाच्याच रीतीने बोटे जवळ ठेवून ते ओढू लागले, तेव्हा तार सुटेना, अख्खा झुबका हलेना. दोन हातांतले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा अधिक ठेवल्यावर ते सुरळीत सरकू लागले. आखूड तंतूला धरून राहण्यासाठी अधिक पीळ लागतो, लांब तंतूला कमी. रेशमाला कापसाइतका पीळ दिला तर त्याची चमक झाकली जाते आणि धागा सुतळीसारखा कडक होतो. पेटी चरख्याची चाती, म्हणजे सूत काततानाची टोकदार सळई, फार वेगाने फिरते, त्यामुळे रेशमासाठी मी सुरुवातीला चरखा बाजूला ठेवून टकळीवरच हात बसवला.

दूरच्या तंतूंचे आकर्षण असले, तरी विदर्भातल्या कातणाऱ्याने टसर हे रानटी रेशीम ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवल्या जातात. ढिवर समाजातील कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत आणि तिकडे कोशाला कोसा म्हणतात. ज्या कोशातून पतंग भोक पाडून बाहेर पडला आहे, त्याचा अखंड धागा निघत नाही, परंतु हातकताईला तोच उपयोगी पडतो. हे कोसे कठीण असल्याने धुण्याच्या सोड्यात उकळून त्यांचा डिंक सोडवावा लागतो, मग चांगले धुऊन, वाळवून, बोटांनी सोडवून कातता येतात. त्यांचा मधासारखा रंग मला इतका प्रिय आहे की मी तो रंगवत नाही. एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या एरी या रेशीमअळीचा कोश तर मुळातच एका टोकाला उघडा असतो. त्यामुळे त्याचे रेशीम कातूनच काढावे लागते. त्याला तुतीसारखी चकाकी नाही, पण ते उबदार आहे आणि चुका सांभाळून घेते, म्हणून पहिले रेशीम एरीचे घ्यावे.

खरेदीत एकदा मी फसले. पश्मिना म्हणून घेतलेल्या मालाची एक बट चिमट्यात धरून पेटवली, तर ती वितळून तिचा कडक काळा मणी झाला. म्हणजे तो कृत्रिम धागा होता. खरी लोकर किंवा रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. बांबूचे रेशीम म्हणून विकला जाणारा तंतू बहुधा व्हिस्कोस असतो आणि तो जळताना कागदाचा वास येतो. शाहतूश ही लोकर कोणी देऊ केली तर हातही लावू नये. ती चिरू या हरणासारख्या वन्य प्राण्याला मारून मिळवली जाते आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिचा व्यापार बंद आहे.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या उष्णतेत कापूस तुटतो आणि रेशीम घर्षणाने येणाऱ्या स्थिर विजेने फुगून बोटांना चिकटते, म्हणून मी ही कामे पहाटे करते आणि जवळ ओले फडके टांगते. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांनी ओरखडलेल्या हातांत तर रेशमाचा एकेक तंतू अडकतो. खोबरेल तेलात साखर घालून हात चोळले आणि धुऊन कोरडे केले की काम करता येते. लोकर आणि रेशीम यांना कसर लागते, तेव्हा माल धुऊन, उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

कोणताही नवा तंतू 25 ग्रॅमहून अधिक घेऊ नये. त्याचा दुपदरी धागा काढून, रिठ्याच्या पाण्यात धुऊन, वजन न लावता वाळवावा आणि मगच तो विणायचा की विकायचा ते ठरवावे. सध्या मी टसरचे तंतू तीन सेंटिमीटरचे कापून कापसाबरोबर पिंजते आहे, कारण लांबी सारखी केली नाही तर पेळूत रेशमाच्या गाठी राहतात. पहिल्या दोन पेळूंत त्या राहिल्याच होत्या. तिसऱ्यातून मात्र अखंड तार निघाली.