आधी काडतूस, मग स्प्रिंग, ट्रिगर सगळ्यात शेवटी

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, म्हणजे पळत आणि वेळ मोजत पिस्तूल चालवायच्या खेळात, नव्याने आलेला नेमबाज दोन-तीन मॅच झाल्या की हमखास विचारतो, "ट्रिगर हलका कुठे करून मिळेल?" शेजारच्या एखाद्या जुन्या नेमबाजाचं पिस्तूल त्याने हातात घेऊन पाहिलेलं असतं. चाप सहज सुटतो, स्लाइड लोण्यासारखी सरकते, आणि मग स्वतःचं पिस्तूल एकदम जड वाटायला लागतं. मी अशा वेळी उलट विचारतो: काडतूस कोणतं वापरता, आणि त्याचा वेग कधी मोजलाय का? कारण त्या जुन्या नेमबाजाचं पिस्तूल त्याने स्वतः भरलेल्या काडतुसाला धरून जुळवलेलं असतं. त्यात दुसरं कुठलं तरी काडतूस घाला, तेच देखणं पिस्तूल अडखळेल. काडतूस, स्प्रिंग आणि ट्रिगर यांतल्या एकाला हात लावला की बाकीची दोन तपासावीच लागतात. म्हणून क्रम महत्त्वाचा.

त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. काडतुसं घरी भरायची, म्हणजे रिकाम्या पुंगळीत प्राइमर (ठोक्याने पेटणारी टोपी), पावडर (बंदुकीची दारू) आणि गोळी बसवून काडतूस बनवायची, मुभा सगळीकडे नसते. कुठे वेगळा परवाना लागतो, कुठे पावडर आणि प्राइमर किती साठवायचे याला मर्यादा असते, कुठे पूर्ण बंदी असते. तुमच्या परवान्यात हे बसत नसेल तर फॅक्टरीचंच काडतूस वापरा, पण एकच निवडा आणि त्यावरच टिकून राहा. वेग मोजायचा आणि स्प्रिंग जुळवायची हे पुढचं सगळं तुम्हालाही तसंच लागू आहे.

या खेळाचे नियम ठरवणारी आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या कोलंबिया इथे स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग ही तिची त्रिसूत्री आहे. यातली ताकद मोजायची रीत म्हणजे पॉवर फॅक्टर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, दोन्हींचा गुणाकार, भागिले १०००. त्यावरून काडतूस मायनर (कमी ताकदीचं) की मेजर (जास्त ताकदीचं) हे ठरतं. मायनरसाठी किमान १२५ लागतो. मेजरसाठी स्टँडर्ड डिव्हिजनमध्ये (डिव्हिजन म्हणजे पिस्तुलाच्या प्रकारानुसार केलेला गट) १७०, ओपनमध्ये १६०. टार्गेटच्या मधल्या ए भागाला दोघांनाही पाचच गुण मिळतात. फरक बाहेरच्या भागांत पडतो: सी ला मेजरचे चार, मायनरचे तीन, डी ला मेजरचे दोन, मायनरचा एक. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागलं की हिट फॅक्टर येतो. प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये (कारखान्यातून आलेली, फारसे बदल न केलेली पिस्तुलं) सगळ्यांनाच मायनरचे गुण मिळतात, त्यामुळे तिथे जास्त ताकदीचं काडतूस भरून धक्का तेवढा वाढतो, हाती काही लागत नाही. नवख्याने सुरुवात याच डिव्हिजनमध्ये करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आकडे हातात घेऊ. १२४ ग्रेनची गोळी १००८ फूट वेगाने गेली तर गुणाकार येतो १२४.९९२. नियमात दशांश धरत नाहीत, म्हणजे हे १२४ झालं आणि तुम्ही मायनरच्याही खाली गेलात. मॅच पूर्ण खेळता येते, पण गुण धरले जात नाहीत. म्हणून काठावर भरू नका. तीच गोळी १०५० फुटांवर नेली तर १३०.२ येतो, आणि एवढी मोकळीक पुरते. ही मोकळीक ठेवायची कारण तुमचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) आणि मॅचचा क्रोनोग्राफ दोन-चार फुटांनी वेगळं बोलतात, काही पावडरींचा वेग थंडी-उन्हाने बदलतो, आणि एकाच डब्यातली काडतुसंही अगदी सारख्या वेगाने जात नाहीत.

पॉवर फॅक्टर तोच ठेवून हाताला बसणारा धक्का बदलता येतो, आणि काडतूस भरण्यातली खरी गंमत इथे आहे. १४७ ग्रेनची जड गोळी ९०० फुटांवर १३२.३ देते. तिला पावडर कमी लागते, म्हणून नळीच्या तोंडातून बाहेर पडणारा वायू कमी आणि धक्का मऊ, थोडा सावकाश. १२४ ची गोळी तेवढ्याच पॉवर फॅक्टरला जरा तडक वाटते, पण स्लाइड चटकन जागेवर येते. ओपनमधले लोक याच्या नेमकं उलट करतात. त्यांच्या नळीच्या तोंडाला कॉम्पेन्सेटर (वायू वर सोडून नळीचं उचलणं दाबणारा भाग) असतो, आणि त्याला काम करायला वायूच लागतो. म्हणून ते हलकी गोळी आणि सावकाश जळणारी, जास्त भरावी लागणारी पावडर घेतात. तेव्हा ओपनवाल्याचं काडतूस चांगलं म्हणून प्रॉडक्शनमध्ये उचलू नका. कुठली पावडर किती ग्रेन, हे मी इथे लिहिणार नाही. कोणाच्या वहीतून, मोबाइलवरच्या निरोपातून ते घेऊही नका. पावडर बनवणाऱ्यांची छापील माहितीपत्रकं असतात. त्यात तुमची गोळी, तुमची पावडर, किमान आणि कमाल असं सगळं दिलेलं असतं. किमानापासून सुरू करा आणि क्रोनोग्राफ पाहत थोडं थोडं वर चढा.

पावडर निवडताना एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. पिस्तुलाच्या बऱ्याच जलद पावडरी इतक्या कमी लागतात की पुंगळीत दोनदा पडल्या तरी मावतात. दुप्पट भरलेलं काडतूस पिस्तूल फोडू शकतं, हात आणि डोळे जाऊ शकतात. नवीन माणसाने पुंगळीचा अर्ध्याहून जास्त भाग भरणारी पावडर घ्यावी. चुकून दोनदा पडली तर ती उतू जाते आणि लगेच दिसते.

प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं दांड्याचं यंत्र, कोणता घ्यावा यावर लोक तासन् तास बोलतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: शिकताना एका वेळी एकच काम करणारा साधा प्रेस घ्या. सराव वाढला, काडतुसं कमी पडायला लागली, की प्रोग्रेसिव्हकडे, म्हणजे एका ओढीत सगळी कामं करणाऱ्या प्रेसकडे, वळा. डिलन कंपनीच्या ५५० या प्रेसवर शेल प्लेट (पुंगळ्या धरणारी चकती) हाताने फिरवावी लागते, ७५० वर ती आपोआप फिरते. हाताने फिरवायच्या प्रेसवर कोणी मध्येच हाक मारली आणि तुम्ही प्लेट न फिरवता पुन्हा दांडा ओढला, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडते. म्हणून भरताना फोन दुसऱ्या खोलीत आणि टेबलावर पावडरचा एकच डबा. काम मध्येच थांबवावं लागलं तर प्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून नव्याने सुरुवात.

दांड्याची एक ओढ नीट पाहा. पहिल्या डायमध्ये (साच्यात) पुंगळी आवळली जाते आणि जुना प्राइमर खाली पडतो. दांडा उलटा लोटला की नवा प्राइमर बसतो, आणि तो बसल्याचं हाताला कळतं: आधी थोडा विरोध, मग ठाम टेकल्यासारखं. तो विरोध जाणवला नाही तर त्या पुंगळीची प्राइमरची जागा सैल झाली आहे, ती टाकून द्या. फारच अडलं तर ती बहुधा लष्करी पुंगळी असते. तिच्या प्राइमरच्या जागेची कड दाबलेली असते, जोर लावू नका. दुसऱ्या डायमध्ये तोंड किंचित पसरतं आणि पावडर पडते. आता गोळी ठेवण्याआधी पुंगळीत डोकावायचं, दर वेळी. दिवा असा लावा की आतली पावडरची पातळी मान न वळवता दिसेल. मग गोळी बसते, आणि शेवटच्या डायमध्ये पसरलेलं तोंड परत सरळ होतं. इथे लोक हौसेने जास्त दाबतात. ९ मिमीचं काडतूस नळीत तोंडाच्या कडेवर टेकतं, म्हणून फक्त पसरट कड नाहीशी करायची आहे. कडेचा व्यास ९.६५ मिमीच्या वर जाऊ नये, एवढं पाहिलं की झालं.

काडतुसाची एकूण लांबी ९ मिमीला कमाल २९.६९ मिमी. पण हा आकडा मॅगझिनचा आणि मानकाचा. तुमच्या नळीचं म्हणणं वेगळं असू शकतं. सीझेड कंपनीच्या पिस्तुलांच्या अनेक नळ्यांमध्ये गोळीपुढची जागा आखूड असते आणि दुसऱ्या पिस्तुलात छान चालणारं काडतूस तिथे अडकतं. नळी सुटी काढा, काडतूस तोंडाने खाली सोडा. ते टक् असा आवाज करून बसलं पाहिजे, बोटाने सहज फिरलं पाहिजे आणि नळी उलटी करताच आपसूक पडलं पाहिजे. फिरताना घासत असेल तर गोळी रायफलिंगला (नळीतल्या वळणदार खाचांना) लागते आहे, लांबी कमी करा. पण लांबी कमी केली की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो, म्हणजे पावडरचं माप पुन्हा खालून तपासायचं.

पावडर अजिबात न पडलेलं काडतूस दुप्पट भरलेल्याइतकंच घातक असतं. नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. बार फुसका वाजतो, स्लाइड बहुतेक वेळा पूर्ण मागे येत नाही, आणि वेळेवर धावणाऱ्या नेमबाजाचा हात सवयीने स्लाइड ओढून पुढचा बार काढायला जातो. तो बार अडकलेल्या गोळीवर गेला तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा आला की थांबायचं, स्टेजचे गुण गेले तरी चालतील. रेंज ऑफिसरने थांबवलं तर वाद घालू नका, तो तुमच्या बोटांची काळजी घेतो आहे.

वापरलेल्या प्राइमरच्या धुळीत शिसं असतं. पुंगळ्या घासायचं यंत्र राहत्या खोलीत चालवू नका, भरताना काही खाऊ-पिऊ नका, आणि उठल्यावर हात साबणाने गार पाण्यात धुवा. प्राइमर मूळ खोक्यातच ठेवा, बाटलीत ओतून तर कधीच नाही.

काडतूस ठरलं आणि वेग हाती आला, की मग रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे मागे आलेली स्लाइड परत पुढे ढकलणारी स्प्रिंग. हलकी स्प्रिंग घातली की स्लाइड बंद होताना नळीचं तोंड कमी खाली झुकतं, नेम धरायची माशी लवकर जागेवर परत येते. फारच हलकी घातली तर स्लाइड मागे आदळते, आणि कधीकधी पुढचं काडतूस पूर्ण आत ढकलायला जोर पुरत नाही. एका वेळी एकच पायरी बदला, तेच काडतूस वापरा, आणि मॅगझिन भरलेलं आणि जवळपास रिकामं अशा दोन्ही अवस्थांत पाहा. पिस्तूल अडकलं की स्प्रिंगला दोष देण्याआधी मॅगझिन तपासा. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक लिहा. अडकण्याची वेळ पुन्हापुन्हा एकाच क्रमांकावर येते का, हे लगेच कळेल.

ट्रिगर शेवटी. तो हलका करायचा सोपा मार्ग म्हणजे हॅमरची स्प्रिंग हलकी करणं, आणि तिथेच प्राइमरचा प्रश्न उभा राहतो. हॅमरचा ठोका कमी झाला की कडक प्राइमर पेटत नाही. मऊ प्राइमर म्हणून फेडरलची ख्याती आहे, म्हणून फार हलका ट्रिगर वापरणारे तेच शोधत फिरतात. काडतूस न पेटता राहिलं तर पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, मग ते काढून प्राइमरवरचा ठसा पाहा. ठसा उथळ असेल तर स्प्रिंग कमी पडते आहे. ठसा ठीक दिसतो आणि तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला पेटतं, तर प्राइमर पूर्ण आत बसलेला नव्हता. पहिल्या ठोक्याने तो फक्त जागेवर गेला. हा दोष प्रेसवरचा असतो आणि लोक उगाच स्प्रिंगा बदलत बसतात. बोट फिरवून पाहा: प्राइमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित खाली लागला पाहिजे.

सिअर (हॅमरला अडवून धरणारा भाग) आणि हॅमरच्या दातांना घरी कानस लावू नका. ते पृष्ठभाग फार बारीक मापाचे असतात. बिघडले की स्लाइड बंद होताच हॅमर आपोआप पडू शकतो किंवा एका दाबात दोन बार सुटू शकतात, आणि मॅचमध्ये असं पिस्तूल लगेच बाजूला ठेवायला लावतात. हे काम जाणत्या कारागिराकडून करून घ्या, आणि परत आल्यावर रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरून तपासा. नियमही पाहा: प्रॉडक्शनमध्ये पहिल्या बाराला ट्रिगर किमान २.२७ किलो लागतो, किंवा प्रत्येक बाराला किमान १.३६ किलो. सामन्यात तो वजन लावून मोजतात.

हे सगळं जुळेपर्यंत कोरडा, म्हणजे काडतुसाविना केलेला, सराव सोडू नका. होल्स्टरमधून काढणं, मॅगझिन बदलणं, बोट चापाबाहेर ठेवून पळणं यात जो वेळ वाचतो, तो कुठल्याही स्प्रिंगने वाचत नाही. काडतुसं भरण्याची जागा आणि कोरड्या सरावाची जागा वेगळी ठेवा. सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको.

मोठ्या मॅचला निघण्याआधी सगळी काडतुसं केस गेजमधून (काडतुसाचं माप तपासायच्या साच्यातून) काढा. गेजमध्ये न बसलेली सरावाच्या डब्यात टाका, पण आधी नळीत सोडून पाहा. नळीतही न बसणारी वापरायचीच नाहीत, गोळी काढायच्या खास हातोड्याने (साध्या हातोड्याने कधीच नाही) गोळी काढून त्यांचे भाग सुटे करा. मॅचमध्ये क्रोनोग्राफच्या जागी तुमच्याकडून आठ काडतुसं घेतात. एकाची गोळी काढून वजन करतात, तीन झाडून वेग मोजतात. कमी भरलं तर आणखी तीन झाडून सहांपैकी सर्वांत वेगवान तिघांची सरासरी धरतात. तरीही कमी पडलं तर शेवटचं काडतूस झाडायचं की त्याची गोळी काढून वजन करायची, हे तुम्ही ठरवायचं. ठरवायला सोपं जावं म्हणून भरायच्या दिवशीच त्या खोक्यातल्या दहा गोळ्या तोलून वजनं खोक्यावर लिहून ठेवा. सगळी एकसारखी असतील तर वेगावर भरवसा ठेवा. त्यांत फरक असेल तर वजन मागा.