कर्नल अपडेटनंतर डेस्कटॉप रखडतोय? या चुका टाळा

लग्नसराईच्या तोंडावर नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका डीटीपीवाल्या काकांचा फोन आला. "अरे, काल अपडेट टाकला आणि आज इंकस्केपमध्ये पत्रिका नुसती सरकवली तरी स्क्रीन अडकतेय. फॉरमॅट मारू का?" मी सातपूरहून पोहोचेपर्यंत त्यांचा पेनड्राइव्ह तयार होता.

ही घाई सगळ्यात महागात पडते. उबुंटू किंवा मिंट या लिनक्स सिस्टममध्ये नवा कर्नल (हार्डवेअर हाताळणारा सिस्टमचा गाभा) आला तरी आधीचा लगेच जात नाही. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब (सुरुवातीचा निवड-मेनू) आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून मागचा कर्नल निवडा. त्यावर सगळं पूर्वीसारखं पळालं, तर रॅम किंवा डिस्क बदलायच्या भानगडीत पडू नका. काकांचं काम त्यावर लगेच मार्गी लागलं. ऑटोरिमूव्ह (जुने कर्नल वगैरे नको ते काढणारी कमांड) चालवून जागा मोकळी करायची ती नव्या कर्नलवर दोन-चार दिवस नीट गेल्यावरच.

मग नव्या कर्नलवर जाऊन सेटिंग्जच्या 'अबाउट'मध्ये ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय ते पाहिलं. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' होतं. म्हणजे ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलेलं आणि स्क्रीनवरचं सगळं प्रोसेसर रंगवतोय. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही; प्रत्येक कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) वेगळं लागतं. ते डीकेएमएस नावाचं साधन आपोआप बांधतं, पण त्याच आवृत्तीचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) असतील तरच. काकांकडे नवा कर्नल आला होता, हेडर्स नव्हते. ते टाकले, मॉड्यूल पुन्हा बांधलं, रीस्टार्ट केलं.

अशा वेळी एनव्हिडियाच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवून चालवू नका. तो पॅकेजच्या हिशेबाबाहेर राहतो आणि पुढच्या कर्नलला पुन्हा हेच दुखणं. ड्रायव्हर उबुंटूच्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधूनच घ्या. सेक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथे सवयीने 'कंटिन्यू' दाबलं की मॉड्यूल बांधलेलं असूनही कर्नल ते घेत नाही. 'एनरोल एमओके' (मॉड्यूलच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्या.

इंटेल, एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. तिथे आधी पॉवर मोड 'पॉवर सेव्हर'वर गेलाय का, ते बघा. ३९० मालिकेच्या ड्रायव्हरवर चालणारं फारच जुनं एनव्हिडिया कार्ड असेल, तर त्या ड्रायव्हरचा आधार कंपनीने २०२२च्या शेवटी थांबवलाय; म्हणून उबुंटू २२.०४वर मूळ ५.१५ कर्नलच धरून राहा.

काकांच्या मशीनवरचा जुना कर्नल मी काढलेला नाही. पत्रिकांचा हंगाम उरकला की बघू.