खूण नाही म्हणजे दुर्मिळ? टांकसाळीच्या खुणा बघताना या चुका टाळा

नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते सांगणारी बारीक खूण सालाखाली असते. ती खूण नाही, म्हणजे नाणं दुर्मिळ. हा समज ज्यानं पसरवला त्याचं भलं होवो, पण त्यापायी मराठवाड्यातल्या नवशिक्यांचे बरेच पैसे बुडाले आहेत. कोलकाता टांकसाळ चलनी नाण्यांवर खूण टाकतच नाही. मुंबईचा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचं गोल टिंब आणि कोलकात्याचं काहीच नाही. एवढं पाठ केलं तरी निम्मा घोळ मिटतो.

मागं जालन्याचा एक कॉलेजचा पोरगा दोन रुपयांचं नाणं कापसात गुंडाळून घेऊन आला. "काका, मिंट एरर आहे, टांकसाळीत छापतानाच चुकलेलं. बाराशेला घेतलंय, कुणी गिऱ्हाईक बघा." भिंगाखाली धरलं. बाकीची छाप कडक, सालाखालची जागा सपाट आणि साफ. सरळ कोलकात्याचं नाणं. तसलीच मूठभर डब्यातून काढून टेबलावर ओतली, म्हणलं, "घे, दोन-दोन रुपयांना देतो." पोरगं गप्प. विकणाऱ्यानं फोटोत सालाखाली लाल बाण काढला होता, त्यावरच बाराशे गेले.

साच्यातल्या खुणेच्या खळगीत तेल-घाण बसली की खूण उमटत नाही, हे खरं आहे. पण मग ते नाणं कोलकात्याचं नाही हे दाखवावं लागतं. अंकांची ठेवण, अक्षरांची जाडी, त्याच सालची दुसऱ्या टांकसाळीची नाणी शेजारी ठेवून. एवढं कष्ट करायला कुणाला वेळ नाही, एरर मात्र सगळ्यांना पाहिजे.

टिंब दिसलं की नोएडा म्हणायच्या आधी साल वाचा. नोएडाची नाणी १९८८ पासूनची. झिजलेली चांदणीसुद्धा टिंबासारखी दिसते. मी सकाळच्या उन्हात नाणं तिरपं धरून बघतो, टोकांची सावली पडते का ते. ट्यूबलाइटखाली बघून ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

खूण कोणत्या अंकाखाली आहे, हेही बघा, कारण काही नाणी परदेशी टांकसाळींतूनही पाडून आणली होती. १९८५ च्या रुपयावर हिरा सालाच्या मधोमध नसून पहिल्या अंकाखाली असेल, तर ते नाणं मुंबईचं नाही, वेल्समधल्या लान्ट्रिसंटच्या टांकसाळीचं आहे. त्याच सालच्या रुपयावर एच असेल तर बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. एम दिसला की सगळे मुंबई म्हणतात. मुंबईच्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांवर एम असतो खरा, पण लंबगोलातला एम प्रिटोरियाचा आणि डोक्यावर बारका ओ असलेला मेक्सिकोचा.

पन्नास-साठच्या दशकातल्या हैदराबादच्या नाण्यांवर चांदणीच असेल असं धरू नका. तेव्हा चिरलेला हिरा किंवा हिऱ्यात टिंबही असायचं. झिजलं की अगदी मुंबईसारखं दिसतं.

आता आपल्या घरचा विषय, हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचं चलन. आजीच्या गाठोड्यात चारमिनारचा रुपया निघाला नाही असं घर आपल्याकडं जुन्या गावांत कमीच. चारमिनारच्या दारातलं अक्षर बघून लोक "ही टांकसाळीची खूण" म्हणून मोकळे होतात. ती खूण नव्हे. मीम आणि ऐन ही उर्दू अक्षरं. मीम म्हणजे निजाम मीर महबूब अली खान, ऐन म्हणजे निजाम मीर उस्मान अली खान. राजाच्या नावातलं अक्षर. टांकसाळीचं नाव त्याच नाण्यावर फारसीत सबंध लिहिलेलं असतं: फरखुंदा बुनियाद हैदराबाद. शहागंजात एका दुकानदारानं माझ्यासमोर एका बाईंना मीमचा रुपया "वेगळ्या टांकसाळीचा, एकच पीस" म्हणून दाखवला. बाई हुशार निघाल्या. म्हणाल्या, "भाऊ, माझ्या सासूकडं असले चार आहेत, तुम्हीच घ्या की." खरा बघण्यासारखा फरक ऐनमध्ये आहे. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या रुपयांवर अर्धा ऐन, नंतर पूर्ण. तो बघायला मात्र कुणी थांबत नाही, कारण हिजरी साल आणि उर्दू आकडे वाचायचा कंटाळा. दहा आकडे आहेत हो, एका संध्याकाळी येतात.

घासू नका. चिंच नको, राख नको, भांड्यांची पावडर तर नकोच. खूण आधी जाते, मग किंमत.

आणि वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणून फोन आला तर उचललाच कशाला? २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय की जुनी नाणी-नोटा विकण्याच्या व्यवहारात ती नाही आणि कसली फीही घेत नाही. समोरचा तिचं नाव घेऊन "आधी टॅक्स भरा" म्हणाला की नंबर ब्लॉक करा, नाणं डब्यात ठेवा.